ताईचं पडद्यावरचं मरण

मंगळवार, दिवेलागणीला

आईचे केस अजून ओले आहेत आणि माझं हसू आवरत नाही. सिनेमात गेली म्हणून आईनं ताईचं नाव घेणं सोडलं होतं. ताई राणी झाली, जोगीण झाली, वाघावरसुद्धा बसली, आई ढिम्म. काल मीच तिला सुप्याच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाला ओढून नेलं. शेवटी ताई नदीत बुडून मेली आणि आईनं हंबरडाच फोडला! आज डोक्यावरून अंघोळ, चूल बंद, सुतक. खोटं असतं ते, किती सांगू?

दुपारी जत्रेसाठी आलेली ताईच दारात उभी! आई ओल्या केसांनीच धावली, तिला चाचपलं, डोळे पुसले.

"मेल्याची खोटी खबर आली की आयुष्य वाढतंय. पोरी, सगळ्या सिनेमात मर गो!"