वरच्या दोन खोल्या, मास्तरांच्या हयातीपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तसे काही खरेच नसते तर त्यांनी ते तीनदा सांगितले नसते. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आला होता तो उलट बाजूने, आणि ती हकीकत पुढे येईलच.

एकसष्टाव्या वर्षी प्रेमात पडलेल्या बाईला शुद्धीवर कसे म्हणायचे, असा मुद्दा माझ्यामागे कोणी काढेल. म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी म्हटले, आणि वर त्यांच्या डाव्या दाढेचे काय करायला हवे तेही सांगितले.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझ्या मुलाने टाइप करून आणले होते आणि मी ते न वाचता, प्लास्टरने माखलेल्या हातांनी सही करून दिले. यापुढे ते दाखवणाऱ्याला त्यावर माझ्या अंगठ्याचा पांढरा डाग दिसेल. तेवढाच भाग माझा होता.

कलम २. तळमजल्यावरची कार्यशाळा आणि वरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे यजमान मी एकोणचाळीस वर्षांची असताना गेले. त्यांनी मला हा धंदा शिकवला, हे त्यांचे उपकार. माणूस सज्जन होता. अठरा वर्षांत आम्ही एकमेकांना कधी दुखावले नाही, पण एकमेकांकडे कधी डोळे भरून पाहिलेही नाही. कार्यशाळा तेव्हा भाड्याची होती. ती विकत घेतली मी, आणि वरच्या खोल्या बांधल्या त्याही मी.

कलम ३. कार्यशाळेतली सगळी हत्यारे, साचे, मेण वितळवण्याचे भांडे आणि पॉलिशचे यंत्र माझ्या मदतनीस बाईंना द्यावे. त्या एकवीस वर्षे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. माझ्याबद्दल बाहेर जे बोलले जाई ते त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि माझे बाहेर कधी नेले नाही. कार्यशाळेची जागाही त्यांनी वापरावी, धंदा करतील तोपर्यंत.

कलम ४. आता मास्तरांविषयी.

मास्तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सात वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात पडले आणि वाजवणे बंद झाले. क्लॅरिनेटचे तोंड वरच्या दातांवर टेकते. फुंक मारली की साधी कवळी उचकटून येते. दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडून त्यांच्यासाठी दोन कवळ्या करून घेतल्या, दोन्ही परत आल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टर वैतागून त्यांना म्हणाले, "तुम्ही आणि त्या बाई बघून घ्या काय ते."

असे ते माझ्या दारात आले. हातात वाद्याची पेटी, तोंडावर रुमाल. मी म्हटले, "वाजवून दाखवा." त्यांनी पेटी उघडली, फुंकले, आणि कवळी टपकन माझ्या टेबलावर पडली. मला हसू आवरेना. दुसरा कोणी उठून गेला असता. मास्तर रुमालाआडून म्हणाले, "हसून झालं की सांगा, मी थांबतो."

पुढे पाच महिने ते दर गुरुवारी येत राहिले. मी पुढचे दात थोडे आत घेतले, त्यांच्या कडा सपाट केल्या, टाळूचा भाग पुन्हा ओतला. त्यांच्या हिरडीचा चढउतार मला पाठ झाला तेव्हा त्यांच्या घरी कोण आहे हेही मला माहीत नव्हते. (कोणी नव्हते. बायको बारा वर्षांपूर्वी गेली होती.) गुरुवारी दारापाशी पाऊल वाजले की माझे मेण करपायचे. कार्यशाळेत कधी नव्हता तो आरसा मी आणून लावला आणि गिऱ्हाइकांसाठी लावला म्हणून सांगितले. त्या दिवसांत एका शिक्षिकेची कवळी एका कंत्राटदाराकडे गेली. चाळीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. मला तिची लाज वाटली नाही, हे इथे नमूद करते.

सातवी कवळी बसली. मास्तरांनी डोळे मिटून एक लांब सूर धरला. मदतनीस बाईंनी यंत्र बंद केले. सूर संपल्यावर मी म्हटले, "झालं तुमचं काम. आता यायची गरज नाही." मास्तर म्हणाले, "गरज नाही. पण गुरुवारी येतो."

ते आले. वर्षभर आले. आणि मग एका गुरुवारी आले नाहीत, त्यानंतरच्याही नाही. चार महिने ना निरोप, ना फोन. या वयात माणूस रुसतो, आजारी पडतो की मरतो, काय समजायचे? मी तिन्ही समजून पाहिले. कशानेच झोप लागली नाही. शेवटी कळले की बँड एका बंद गोदामाच्या अंगणात दुपारी सराव करतो आणि मास्तर ठणठणीत आहेत. मी कामाच्या ॲप्रनवर तशीच गेले.

चौदा वाजवणारी माणसे होती. मी त्यांच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटले, "मास्तर, माझं काही चुकलं असेल तर सांगा. नाहीतर ती कवळी परत द्या. मी ती धंद्यापायी बनवलेली नाही."

ड्रमवाला हसला, मग त्याने स्वतःच हसणे गिळले. मास्तरांनी वाद्य खाली ठेवले, पाठ फिरवून कवळी काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आणि बोळक्या तोंडाने बोलू लागले. चौदा जणांना नुसती फुसफूस ऐकू आली असेल. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी माणसे रोज त्याच भाषेत बोलतात. मला शब्द न शब्द कळला. ते म्हणाले, "तुमचा मुलगा आला होता. म्हणाला, आईचं हृदय अधू आहे, तुमच्यामुळे ताण येतो. तुम्ही लांब राहिलात तर ती जगेल. म्हणून राहिलो लांब."

तेव्हा माझे हृदय दगडासारखे धडधाकट होते.

मी म्हटले, "तोंड उघडा." भर अंगणात मी ती कवळी माझ्या हाताने बसवली. "आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. यायचं आहे की नाही?"

"यायचं आहे."

"कधी?"

"सराव संपला की."

याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. चार महिने वाट बघायला लावायची आणि वर सराव पुरा करायचा! पण मी एका रिकाम्या पेटीवर बसून राहिले, तासभर, ॲप्रनसकट.

त्या दिवसापासून आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहतो. लग्न केले नाही. मास्तरांनी दोनदा विचारले, मी दोनदा नाही म्हटले. माझ्या आनंदावर पुन्हा कोणाचा शिक्का घ्यायचा नव्हता. पण त्यामुळे कायद्याने मास्तर माझे कोणीच लागत नाहीत, आणि माझे डोळे मिटताच त्यांची पेटी जिन्याखाली येईल हे मला स्वच्छ दिसते. म्हणून लिहून ठेवते: वरच्या दोन्ही खोल्यांत राहण्याचा हक्क मास्तरांना त्यांच्या हयातीपर्यंत राहील. त्यांना कोणीही, कोणत्याही कारणाने, गोड बोलूनसुद्धा, बाहेर काढू नये.

कलम ५. मास्तरांनंतर घर माझा मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे जावे. माझ्या बाकीच्या सगळ्या वस्तू मुलीला. तिला मी फोनवर मास्तरांबद्दल सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "हसवतात का गं तुला?" मी म्हटले, "हसवतात कसले, चिडवतात." ती म्हणाली, "मग ठीक आहे." या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी.

मुलाविषयी. त्या दिवशी अंगणातून परत येताच मी त्याला बोलावून घेतले. खोटे का बोललास, म्हणून विचारले. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील याचा विचार केलास का, आई?"

"केला. या गावात निम्म्या लोकांचे दात मी बनवलेत. काय म्हणायचं ते माझ्याच दातांनी म्हणतील."

"आणि बाबांची खुर्ची?"

"तिच्यात कोणी बसत नाही. मास्तर स्वतःची आणणार आहेत."

तो रडला. मीही रडले, पण माघार घेतली नाही. तो वाईट नाही, घाबरट आहे. लहानपणीही अंधाराला घाबरला की दुसऱ्याच्या खोलीतला दिवा घालवून यायचा. त्याचा हिस्सा मी काढून घेत नाही. मात्र त्याने या कागदाविरुद्ध कोर्टात धाव घेतली, तर तो हिस्सा बँडला जाईल. बँडने तिथे रोज सराव करावा, खिडक्या उघड्या ठेवून.

कलम ६. मास्तरांचा एक कान मंद आहे, म्हणून ते पहाटे वाजवतात ते आपण हळू वाजवतो असे समजून. त्याच चार सुरांनी मी पाच वर्षे जागी होते आणि रोज कपाळावर हात मारते. शेजाऱ्यांनी तक्रार माझ्या नावाने करावी. मी उत्तर द्यायला नसले तरी चालेल.

कलम ७. वकिलांनी विचारले, मास्तरांनी माझ्यानंतर दुसरीशी घरोबा केला तर राहण्याचा हक्क संपेल, असे घालायचे का? सगळेच घालतात म्हणे. मी दोन दिवस विचार केला. त्या न भेटलेल्या बाईचा मला इतका राग आला की काल मास्तरांना जेवायला वाढले नाही, आणि का ते सांगितलेही नाही. ते बिचारे स्वतः वाढून घेऊन जेवले. तरीही ती अट घालायची नाही. तसे झाले तर हक्क कायम राहील आणि त्या बाईंनीही या खोल्यांत खुशाल राहावे. कोणी त्यांना जाब विचारायला आले, तर त्यांनी त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे. मास्तरांना यात लाभ असल्याने त्यांना खोलीबाहेर पाठवले आहे.

ठिकाण: माझी कार्यशाळा
दिनांक: १८ जुलै, शुक्रवार, दुपारी सव्वाचार

(सही)
लिहून ठेवणार

आमच्यासमोर सही केली:

१. (सही) समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक

२. (सही) मागच्या घरात राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि "पहाटेच्या वाजवण्याबद्दल माझी काही तक्रार नाही" असे आपल्या अक्षरात लिहिण्याचा आग्रह धरला. तो मान्य केला आहे.