गावात प्रत्येकाशी दोनदा बोल

दादा,

पाय प्लास्टरमध्ये म्हणून तू आपला जुना सोळा-बिट व्हिडिओ गेम माळ्यावरून काढायला लावलास, असं आई म्हणाली. मग माझं ऐक. ड्रॅगनची कॅसेट आधी लाव. उडत्या जहाजाची नको, त्यातल्या मारामाऱ्यांनी तुझं डोकं फिरेल. आणि खेळातल्या गावात शिरलास की प्रत्येकाशी दोनदा बोल. पहिल्यांदा सगळे ठरलेलं वाक्य तोंडावर फेकतात, कामाचं दुसऱ्यांदा सांगतात. तू एकदाच विचारून पुढे सुटायचास आणि किल्ली सापडली नाही की माझ्यावर खेकसायचास.

एवढं आईला फोनवर सांगेन. बाकीचं या न पाठवायच्या पत्रातच राहू दे. आपल्या भांडणानंतर तू फोनवर एकदाच विचारलंस, “घरी येतेस का?” मी नाही म्हणाले. तू फोन ठेवलास.

अजून त्याच जागी उभी असलेली,
चिंगी