घर, चिकटवही आणि दोन वाटेकरी

मी, सगुणाबाई मधु भोईर, वय वर्षे एकोणसत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका, राहणार बदलापूर गाव, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, आज माझ्याच ओटीवर बसून माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. उलट लिहू नको असे सांगणारेच भेटले. मी आजारी नाही, मला जायची घाईही नाही. परंतु आमच्या घरात गेल्या काही वर्षांत जे घडले त्याची नीट व्यवस्था लावल्याशिवाय मला चैन पडणार नाही. खरे सांगायचे तर शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी व्हायचे तसे मला आज होत आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. माझे पती मधु भोईर मागच्या वर्षी वारले. मुलगा धर्मेश व सून नेत्रा माझ्याजवळ राहतात. मुलगी भाविका अंबरनाथला असते; जावई सुजित आनंदनगरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत आणि त्यांची मुलगी राजसी माझी एकुलती नात. याखेरीज मला वारस नाहीत.

कलम २. बदलापूर गावातील राहते घर, ओटी, मागची पडवी व अंगण. पूर्वेस दीर भूपेश यांचे घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस गयाबाईंची भिंत, दक्षिणेस वहिवाटीची वाट. ही जागा मी माझ्या पगारातून विकत घेतली व घरही पगारातूनच बांधले. ते वडिलोपार्जित नाही. सोनिवलीची भातशेती वडिलोपार्जित होती, तिथे आता इमारती आहेत आणि तो विषय केव्हाच मिटला.

हे घर मी धर्मेश व भाविका या दोघांना समान हिश्श्याने देत आहे. या 'समान' शब्दावरून बोलाचाली झाली, ती पुढे लिहिते. आधी चिकटवही, कारण तिच्याशिवाय हे कलम समजणार नाही.

कलम ३. माझा टॅबलेट आणि त्यातली चिकटवही. नेत्रा तिला डिजिटल स्क्रॅपबुक म्हणते. मी शाळेत मुलांकडून चिकटवह्या करून घेत असे, म्हणून मला हाच शब्द बरा वाटतो. फरक एवढाच, की हिला खळ लागत नाही आणि चुकले तर बोटाने मागे जाता येते.

भाविकाने सुजितशी लग्न केले ते स्वतः ठरवून, दुसऱ्या जातीत. त्या आठवड्यात ह्यांनी (म्हणजे माझ्या पतीने, यापुढे 'हे') घरातले सगळे अल्बम खाली काढले, भाविका ज्यात होती तो प्रत्येक फोटो वेगळा केला, त्यांचे गाठोडे बांधले आणि उल्हास नदीत सोडून आले. मी अडवले. घरात आवाज चढले. ह्यांचे एकच म्हणणे होते, की मुलगी गेली तर तिची चित्रे कशाला. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरात भाविका नव्हती. मी तिला अंबरनाथला भेटत असे, ह्यांना ते माहीत होते, पण तिचे नाव निघत नसे. दिरांनी, भूपेशभावजींनी, गावात सांगून टाकले होते, की मधूला एकच पोर.

मग नेत्रा सून म्हणून आली. तिने मला टॅबलेट हाती दिला आणि फोनमध्ये पडून राहिलेल्या रोजच्या फोटोंचे काय काय करता येते ते दाखवले. मी वेडीच झाले. जुन्या लुगड्याचा काठ स्कॅन करून पानाला लावायचा. आईच्या अक्षरातली कालवणाची कृती शेजारी ठेवायची. नुसत्या हातांचे एक पान: भाकरी थापणारे, सुई ओवणारे, मोबाईल धरणारे. उंबऱ्यासमोरच्या चपलांचे एक पान. कोण घरात आहे ते चपलांवरून ओळखावे. फोटोवर बोट ठेवले की ज्याचा फोटो त्याचा आवाज यावा. सणवाराचे फोटो सगळेच जपतात. मला भाजी निवडताना, भांडताना, जेवून सुस्तावलेली माणसे हवी होती, आणि तीच फोनमध्ये खंडीभर सापडली.

पाने भराभर होत गेली आणि मला दिसले, की जुन्या काळच्या प्रत्येक पानात धर्मेश एकटा आहे. मी नेत्राला म्हटले की ही वही अर्धी आहे. तिने विचारले, दुसरा अर्धा कुठे मिळेल? मी म्हटले, लोकांच्या घरी.

आणि मी निघाले. गावात लग्न असो, हळद असो, साखरपुडा असो, आमची पोर सगळीकडे नाचायला पुढे. म्हणजे ती दुसऱ्यांच्या फोटोंत असणारच. मी घरोघरी गेले, चहा प्यायले, अल्बम मागितले. अल्बम खिडकीजवळ, पण उन्हात नाही, असा ठेवून फोटोचा फोटो घ्यायचा, म्हणजे चमक येत नाही. बनूबाईंच्या मुलाच्या हळदीत भाविका मागच्या रांगेत जिलबी खाताना सापडली. शाळेच्या सहलीच्या फोटोत कडेला, अर्धी कापलेली. पाण्याच्या टँकरच्या रांगेत कळशीवर बसलेली. प्रत्येक वेळी मी इतकी हरखायची, की त्या घरच्या बायका आपले स्वतःचे फोटो सोडून माझ्या मुलीला शोधायला लागायच्या. पुढे पुढे निरोप येऊ लागले, की बाई, या, एक मिळालीय.

पहिली काही पाने छापून घ्यायला मी उल्हासनगरला गेले. तिथल्या सिंधी छपाईवाल्यांनी पाने पडद्यावर लावली आणि विचारले, "अम्मा, ये लड़की हर फोटो में किनारे पे क्यों है?"

मी म्हटले, "भाऊ, मधले सगळे फोटो गेले. किनारेपेच मिली."

छापताना त्यांनी एक पान आपल्या मनाने बदलले: टँकरच्या रांगेतून फक्त भाविका आणि कळशी मोठी करून मधोमध ठेवली. मी ते तसेच राहू दिले. ते पान वहीचे मुखपृष्ठ आहे आणि ते बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कलम ४. हे कलम ह्यांच्याबद्दल आहे. हे गेले असल्याने त्यांना काही देता येत नाही, पण त्यांच्याबद्दल गावात जे अर्धेच बोलले जाते ते मला पुरे करायचे आहे.

मी काय शोधत फिरते हे ह्यांना कळले होते. ते बोलत नसत आणि बघतही नसत. मग गयाबाईंकडे मळणीचा एक फोटो निघाला. गयाबाईंचे सासरे भाताच्या उडवीशेजारी उभे, आणि कडेला कोणाचे तरी नुसते कोपर. पुढचा माणूस फोटोबाहेर. गयाबाई म्हणाल्या की मजूर असेल कोणी. नेत्राला काही सांगता येईना. मी टीव्हीवर तो मोठा करून पाहिला, मलाही खात्री होईना. पान करावे की सोडून द्यावे असा आमचा खल चालला होता. हे मागे जेवत होते. ताट तसेच ठेवून उठले, टीव्हीजवळ गेले आणि पडद्यावर बोट टेकवले.

"यो भाविकाचा कोपर हाय," ते म्हणाले. "विळा लागलता. मीच नेलती तिला खांद्यावर बसवून."

पडद्यावर, त्यांच्या बोटाखाली, एक बारीक पांढरी रेघ होती. आई असून मला ती दिसली नव्हती.

मग हे नेत्राला म्हणाले, तिला फोन लाव. नेत्राने लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच विचारले:

"थंडीत कोपर दुखतो का गो अजून?"

पलीकडे काय उत्तर आले ते आम्हाला ऐकू आले नाही. हे फक्त हं, हं करत होते आणि उष्टा हात तसाच वाळत होता. त्या रविवारी भाविका, सुजित आणि राजसी घरी आली. हे ओटीवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसले होते, उठले नाहीत. राजसी शेजारी जाऊन बसली आणि तिने सोडे कसे निवडतात ते विचारले. त्यांनी तिला शिकवले. भाविका मागे उभी राहून रडत होती आणि नेत्राने तेव्हाच फोटो काढला. त्यात ह्यांचे डोळे मिटलेले आहेत, राजसीचे तोंड उघडे आहे आणि भाविकाने पदर तोंडाला लावला आहे. वहीतला तो सगळ्यात वाईट आलेला फोटो आहे आणि मी त्याला अख्खे पान दिले आहे.

नदीच्या गाठोड्याबद्दल ह्यांनी माझ्याशी बोलणे काढले ते शेवटच्या दुखण्यात. एवढेच म्हणाले, की गाठ मुद्दामच पक्की मारली नव्हती. मी पुढे विचारले नाही. ज्यांना ह्यांना नावे ठेवायची आहेत त्यांनी हे कलम दोनदा वाचावे.

कलम ५. धर्मेश-नेत्राच्या लग्नाचे पान. हे लग्न अबोल्याच्या काळातले, त्यात भाविका नाही. नेत्राने मला दाखवले की अ‍ॅपमध्ये तिला अल्लद कापून नवरानवरीशेजारी उभे करता येते, कोणाला कळणारही नाही. मी नको म्हटले. माणूस कापून घ्यावे, उजळावे, मोठे करावे. पण जिथे ते नव्हते तिथे चिकटवू नये. हा माझ्या चिकटवहीचा नियम असून तो पुढेही पाळावा.

मी भाविकाला विचारले, त्या दिवशी तू काय करत होतीस? ती आधी हसली. मग तिने सुजितच्या जुन्या फोनमधून एक फोटो शोधून पाठवला. अंबरनाथच्या घराची गॅलरी, भाविका पिवळ्या साडीत, दोन्ही गालांना हळद. भावाची हळद तिने एकटीने, स्वतःच्या हाताने लावून घेतली होती. आता त्या पानावर डावीकडे आमच्या मांडवातला धर्मेश आणि उजवीकडे गॅलरीतली भाविका आहे. दोघांना हळद एकाच दिवसाची. धर्मेशने ते पान पाहिले आणि तो टॅबलेट घेऊन पडवीत निघून गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

कलम ६. भूपेशभावजी. दिवाळीत मी या कागदाचा कच्चा मसुदा घरात वाचून दाखवला तेव्हा भावजी बसलेले होते. कलम २ ऐकताच म्हणाले, "पोरीला फोटूचा पुस्तक दे ना गो वहिनी. घर कशाला तिला?" आणखी म्हणाले, की गावात कोणी देत नाही, बहिणी सही करून मोकळ्या होतात, माहेर तुटत नाही.

मी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण धर्मेश आधी बोलला. हा मुलगा लहानपणापासून काकांसमोर मान वर करत नाही.

"काका, माझ्या लग्नाच्या मांडवात बहीण नव्हती," तो म्हणाला. "घरात तरी असू दे."

भावजी चहा न घेता गेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार या कलमात संपली. त्यांना मी ह्यांची हातोडी आणि करवत देत आहे, कारण दोन भावांनी मिळून या घराचा माळा त्याच हत्यारांनी केला होता. माळ्याचा फोटोही वहीत आहे. त्यात भावजी तरुण आहेत आणि हसत आहेत. त्यांनी येऊन तो पाहावा.

कलम ७. टॅबलेट राजसीला. पासवर्ड नेत्राकडे आहे. वहीची छापील प्रत धर्मेश आणि भाविका या दोघांकडे एकेक असावी. दरवर्षी दोन्ही घरांतले रोजचे फोटो एकत्र बसून निवडावेत. कोणता ठेवावा यावर भांडण झाले तर दोन्ही ठेवावेत. ज्या ज्या घरांनी अल्बम उघडून दिले त्यांना त्यांच्या फोटोंची उजळलेली प्रत नेत्राने पोहोचती करावी. बनूबाईंना त्यात आपण जाड दिसतो असे वाटते. त्यांची समजूत काढावी, फोटो बदलू नये.

माझ्या दागिन्यांतली ठुशी नेत्राला, बांगड्या भाविकाला. बँकेत जे शिल्लक असेल ते दोन्ही मुलांना सारखे. शाळेतून मला मिळालेली घंटा शाळेला परत.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी सून नेत्रा धर्मेश भोईर हिला नेमत आहे. तिच्या कामात कोणी अडथळा आणू नये.

कलम ९. हे शेवटचे कलम भाविकासाठी आहे आणि ते मी शिक्षिकेच्या आवाजात लिहीत आहे. बाई, मी गेल्यावर तुझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाईल. धर्मेश ठेवणार नाही. पण कोणी मामा, कोणी आत्या, कोणी वडीलधारा पेढ्यांसह घेऊन येईल. रागाने मागितले तर तू देणार नाहीस, हे मी जाणते. प्रेमाने मागितले तरी द्यायचे नाही. आणि तुला स्वतःलाच एखाद्या दिवशी उदार वाटले, भावाला देऊन टाकावे असे मनात आले, तरीही सही करायची नाही. या घराच्या कागदावर तुझे नाव मधोमध राहील.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, खाडाखोड केलेली नाही, आणि आनंदाने सही करत आहे. खाली सही करणाऱ्या दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: सगुणाबाई मधु भोईर

साक्षीदार:
१. भीमराव जाधव, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार बदलापूर गाव (सही)
२. गयाबाई गायकर, शेजारीण, राहणार बदलापूर गाव (सही, यांनी सही करतानाचा फोटो काढावा असा आग्रह धरला, तो काढला आहे)

स्थळ: बदलापूर गाव
दिनांक: १४ डिसेंबर २०२५