चालून बघायचं दुकान

प्रिय चिमे,

फोनवर तू विचारलंस, दुकान कसं झालंय, आणि मी "छान" म्हणून मोकळी झाले. खरं सांगू? मला अजून कळलेलंच नाही. सकाळी शटर वर करते तेव्हा क्षणभर वाटतं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या दुकानात शिरले.

तू पाहिलेलं काही उरलेलं नाही. छतापर्यंत रचलेली जोड्यांची खोकी मागच्या खोलीत गेली, गालिचा गेला. दुकानाची नवी मांडणी करायला बोलावलेल्या नकाशेवाल्यांनी आधी नुसतं कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकं पाहिली. (हे नाव आपल्या काकांनी ठेवलेलं. काका तुझ्या बाबांच्या वेळेपासून दुकानात कामाला आहेत, त्यांना कोण बोलणार!) मग मला म्हणाले, "तुमचा गालिचा खोटं बोलतो. त्याच्यावर कुठलाही जोडा मऊच लागणार. घरी गेल्यावर तो चावतो आणि माणूस परत तुमच्याशी भांडायला येतो." हसावं की रागवावं, कळेना. गालिचा मीच निवडलेला!

तर आता दारापासून गल्ल्यापर्यंत एक वळणावळणाची वाट आहे. थोडी फरशी, थोडी बारीक खडी, मग लाकूड, एक चढ, शेवटी पायऱ्या. जोडा घालायचा आणि चालून बघायचं. काका म्हणाले, "हे दुकान आहे की बाग?" पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं. शेजारच्या मुली चढावरून धावत सुटल्या. एक आजोबा खडीवर फेऱ्या मारून "बरं वाटलं हो" म्हणाले आणि आपल्याच जुन्या चपला घालून निघून गेले. मग शाळेतल्या एक बाई आल्या. दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचा दुखतात. आवडलेले सँडल घालून निघाल्या, पायऱ्यांवर तोंड वाकडं केलं आणि दिसायला बोजड, नावडते बूट घेऊन गेल्या. पुढच्याच आठवड्यात बहिणीला घेऊन हजर! तेव्हापासून काका गप्प आहेत, म्हणजे खूश आहेत.

माझा गोंधळ मात्र वेगळाच चाललाय. काम संपलं तरी नकाशेवाले येत राहिले. कधी खडी सैल झालीय का बघायला, कधी दिवा तिरका दिसतोय म्हणून. दिवा सरळच होता. मी चहा मागवायचे. मध्ये ते आले नाहीत, तर मी काकांना उगाचच झापलं. वाटेच्या टोकाला, पायांपुरत्या आरशाऐवजी त्यांनी माणूसभर उंच आरसा लावलाय. परवा त्यात एक बाई दिसली, केस नीट विंचरलेली, दाराकडे डोळे लावून उभी. ओळखायला वेळ लागला गं.

मंगळवारी मी नव्या मालातल्या चपला घालून पायऱ्या उतरून बघत होते. ते खाली उभे होते. अगदी साधेपणानं म्हणाले, "आपण लग्न करूया का?" मी म्हटलं, "घसरत नाहीत, पण अंगठ्याला लागतात." मग मी तिथेच पायरीवर बसले. ते हसले नाहीत. "घाई नाही," म्हणाले. मी म्हटलं, "बरं." कशाला बरं, ते त्यांनी विचारलं नाही.

हे फोनवर तुला सांगायला गेले असते, तर तुझा आवाज ऐकूनच गप्प बसले असते, म्हणून लिहितेय. बाबा गेल्यावर तू मला लेकरासारखं जपलंस. त्यांची आठवण मला अजून रोज येते, आणि ह्यांची वाटही रोज बघते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जीवात कसं मावतं, मला उमगत नाही. ठरवलं होतं, आधी तुला विचारायचं. पण काल ते निघताना दारात वळले आणि माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. स्पष्ट, काकांनाही ऐकू जाईल एवढं. आता तुझी परवानगी मागू, माफी मागू की नुसती बातमी सांगू? तूच ठरव. पण ये, चिमे. भांडायचं असलं तरी ये.

तुझीच,
भांबावलेली आई