कंट्रोलची बाटली

३ जून, मंगळ.
अब्बा पाणी घेऊन आले एकदाचे. कोकणात कांदे उतरवून परतताना श्रीवर्धनला मुद्दाम थांबले. काठाचं गढूळ नको म्हणून कमरेएवढं आत शिरून कॅन भरला. पँट खारानं पांढरी पडलेली. "सोड्यानं धुतला, मग गरम पाण्यानं दोनदा. तुज्या शेवाळाला काय कमी पडाय नको."
वीस लिटर आहे. अब्बांनीच प्रयोगशाळेच्या बरण्यांत ओतून दिलं आणि कॅन परत टेम्पोवर बांधला. माझ्या पीएच.डी.च्या सरांनी प्रयोगाच्या पहिल्या खेपेला पुण्याहून काचेच्या बरण्यांत दिलेलं आता पेलाभर उरलंय. अम्मी नाक मुरडतीय, घरात समुद्र कशाला म्हणून.

५ जून, गुरु.
दुसरी खेप लावली. बारा बाटल्या. किकवीच्या दुकानावरची उन्हानं भुगा झालेली ताडपत्री पंधरा दिवस खाऱ्या पाण्यात भिजत होती, तिचा अर्क नऊ बाटल्यांत कमी-जास्त. उरलेल्या तीन बाटल्यांत नुसतं समुद्राचं पाणी. ते तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल (पुढं नुसतं कं.). शेवाळ सगळ्यांत सारखंच. एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही, पाणी हिरवट दिसतं तेवढंच.
३० तारखेला प्रबंध द्यायचा. मुदत दोनदा वाढवून झालीय. आता चुकलं तर नोंदणी रद्द, आणि तिच्यामागं कॉलेजातली ही कंत्राटी जागा पण.

७ जून, शनि. ईद.
सकाळपासून पाहुणे, मटण, भांडी. दुपारी तासभर कॉलेजला पळाले. बाटल्या रोज हलवाव्या लागतात, त्यांना कुठली ईद. अर्काच्या नऊही फिकट व्हायला लागल्यात. मरतंय म्हणून खूश होणारी भोरात मी एकटीच असेन.

१० जून, मंगळ.
कं. पण फिकट. तिन्ही! दिवे नीट, तापमान नीट. सूक्ष्मदर्शकाखाली एका चौकटीत जिथं शंभर-सव्वाशे पेशी दिसायला हव्यात तिथं अकरा. त्यातल्याही फुटक्या.
कोंडेमामांवर ओरडले. विंझरहून येतात, आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या तेच धुतात. साबण राहिला असणार तुमचा, म्हटलं. मामा म्हणाले, "मॅडम, पाच पाण्यानं धुतो. घरची भांडी बी म्या एवढी धुवत न्हाई." तरी मी बोलतच राहिले. पोरं बघत होती.
घरी सांगितलं, कंट्रोल मेलं. अम्मी: "म्हंजे आता रेशन न्हाई मिळायचं?" तिच्या लेखी कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. आधी हसले, मग रडूच फुटलं.

१२ जून, गुरु.
नव्या चार बाटल्या. मीच धुतल्या, मीच उकळल्या. तिनांत अब्बांचं पाणी, एकीत सरांच्या बरणीतला तो पेलाभर. अर्क कशातच नाही. आता बघू कोणाचा हात घाण आहे ते.

१५ जून, रवि.
सरांच्या पाण्याची हिरवीगार. अब्बांच्या पाण्याच्या तिन्ही गेल्या. एका बाटलीवर शास्त्र होत नाही, पण मला कळायचं ते कळलं.
शिवऱ्याला गेले. अब्बा हायवेला टेम्पो लावतात तिथं. कॅन टपावर दोरीनं बांधलेला. कधीकाळी निळा होता. नख लावलं तर नखात पांढरा भुगा आला. मी उन्हानं जळलेलं प्लॅस्टिक हुडकत किकवीपर्यंत हिंडले, आणि हे बापाच्या टपावर.
"आठ वरीस झाली त्याला," अब्बा म्हणाले. "ट्रिपला पाणी त्यातलंच." मग विचारलं, "तुला आणल्यालं चांगलं व्हतं न्हवं?"
"एक नंबर होतं अब्बा."
बोलून गेले. कमरेएवढ्या पाण्यात कॅन धरून उभा माणूस, त्याला काय सांगायचं?

१८ जून, बुध.
सरांना फोन केला, सगळं सांगितलं. "पहिल्या खेपेचे कं.चे आकडे आहेत ना? तेच थोडे मागंपुढं करून दुसरीला लाव. कोण बघतंय?" आणि तक्ता पाठवला. कं.चे तीन रकाने मोकळे.
नवं पाणी आणायचं तर पावसानं वरंध घाट बंद. ताम्हिणीकडून वळसा घालून आणलं तरी बाटल्यांना दहा दिवस, मोजायला दोन, लिहायला... नाही बसत. कसंही मांडा, नाही बसत.
रकाने भरले नाहीत. तक्ता बंदही केला नाही. कसली मी!

२१ जून, शनि.
कोंडेमामांची माफी मागितली. "जाऊ द्या मॅडम. माज्या हातानं काय बिगाडलं न्हाई एवढं कळलं, बास." मग कशानं बिघडलं, म्हणाले. पाण्यानं, म्हटलं. कुठल्या पाण्यानं ते सांगितलं नाही.

२६ जून, गुरु.
भोरच्या बाजारातून स्टीलचा कॅन घेतला, ST नं शिवऱ्याला, फाट्यापासून चालत. म्हटलं, "अब्बा, ट्रिपला आता ह्यातलं प्यायचं." त्यांनी वाजवून बघितला, झाकण फिरवून बघितलं, तोंडभर हसले. "झ्याक हाय. अम्मीला दे, दुधाला हुईल."
"आणि तो टपावरचा टाका. खराब झालाय."
"खराब?" खरंच नवल वाटलं त्यांना. "तुजं ते डोळ्याला न दिसणारं शेवाळ, त्याला त्यातलं पाणी एक नंबर चाललं. तूच म्हनलीस. म्या तर एवढा धडधाकट गडी, मला काय व्हतंय?"
माणसाला काय होतं ते मला ठाऊक नाही. माझ्या प्रबंधात माणूस नाहीच. पण ह्या वाक्याला उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की त्यांनी आणलेल्या पाण्यानं माझं काय गेलं तेही त्यांना कळणार. तोंड उघडलं होतं मी. शपथ.
त्यांनी टपावरनं कॅन खाली घेतला, तांब्या भरला, निम्मा स्वतः प्यायले. उरलेला माझ्यापुढं धरला. "पी. एवढी चालत आलीस."
प्यायले. तीस तारखेला चार दिवस आहेत, आणि अब्बांना अजून काही सांगितलेलं नाही.