आई उगाच चालते

केडगाव, १२ जानेवारी १९७१

तीर्थरूप आसाराममामांना,

हिराचा नमस्कार. तुमची गुडघेदुखी आणि मामींचा खोकला आता उतारावर असावा. (काढा मामी स्वतः घेतात की अजून तुम्हालाच पाजतात, ते कळवावे.) पाटबंधारे खात्यातले माझे नकाशे काढण्याचे काम ठीक चालले आहे. आईची तब्येत फारच ठीक आहे, आणि अडचण तीच आहे.

तुमच्या बहिणीला अठ्ठावन्नाव्या वर्षी एकटीने लांब चालण्याचा नाद लागला आहे. नवस नाही, जत्रा नाही, कुणाचे लग्न नाही. पहाटे भाकरी बांधते आणि निघते. मी तिला पारनेरपर्यंतचा रस्ता प्रमाणात काढून दिला. तिने त्यात ठेचा बांधला. (कागद चांगला जाड आहे, म्हणाली.)

पण आपल्याकडे वयस्क बाई रस्त्याने एकटी दिसली की ती घरून रुसून निघाली, हे ठरलेलेच असते. तिला जेवू घालून परत पोहोचवणे हे गावाचे काम. कामरगावात बायकांनी तिला ओट्यावर बसवून सुनेचा जाच विचारला. सून नाही कळल्यावर दोष लेकीवर आला. आईने खरे ते सांगितले, की भांडण न्हाई, उगाच चालतीय. त्या ‘उगाच’मुळे भांडण फारच मोठे असल्याची सर्वांची खात्री पटली. खाजाभाई नावाच्या भल्या गृहस्थांनी तिला टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसवून दारात आणले आणि मला म्हणाले, “पोरी, आईचे दोन घास जड झाले व्हय तुला?” मी शांतपणे खुलासा केला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि जाताना शेजारच्या बनुबाईंना माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितले.

पुढे आणखी दोनदा असेच झाले. (एकदा बैलगाडी, एकदा एसटी.) परवा चूल सारवता सारवता ती म्हणाली, “जल्मभर कुनाच्या ना कुनाच्या कामानं चालले, हिरे. एकदा तरी निघाले तिथं पोचू द्या मला.” मी सारवणाची बादली तिच्याजवळ सरकवली.

तुमची भाची,
हिरा

ता. क. येत्या सोमवारी ती पायी तुमच्याकडे तिसगावला निघते आहे. मेहेकरीला ओळखीच्या घरी मुक्काम करून मंगळवारी पोहोचेल. कृपा करून करंजीच्या घाटात गाडी पाठवू नका. आली की कुणाशी भांडलीस, हे विचारू नका. नुसते पाणी द्या.

आणखी एक. मला तिची काळजी नाही. मात्र दोन दिवसांची रजा टाकली आहे. तिला दिसणार नाही इतक्या अंतराने मागून येईन. कुणी तिला अडवलेच, तर सांगायला घरचे माणूस हवे. (मेहेकरीत मी दुसऱ्या घरी उतरेन.) तुमच्याकडे तिच्यानंतर पोहोचेन आणि एसटीने आले, असे सांगेन. तेव्हा माझ्या पायांकडे पाहू नका.