युखिमच्या डावीकडची खुर्ची

१२ ऑक्टोबर १९९६, पोल्ताव्हा
गेली माझी खुर्ची! एकतीस वर्षं प्रत्येक मैफलीत नवऱ्याच्या, युखिमच्या, डाव्या हाताला मी बसते. तो पियानो वाजवतो, मी उठते, नोटेशनचं पान उलटते, पुन्हा बसते. आज जेवताना म्हणाला, कीव्हच्या मैफलीत झोर्याना बसेल. त्याची विद्यार्थिनी, चोवीस वर्षांची. दोन वर्षं खपून त्यानं रचलेली ही सगळ्यात मोठी रचना, आणि तिथे ती! एवढंच बोलला आणि पाव मागितला. मी दिला. काय करणार?

१३ ऑक्टोबर
बीटच्या सूपमध्ये, बोर्श्टमध्ये, मीठ जास्त पडलं. पडू दे.

१५ ऑक्टोबर
पोरगी तालमीला आली. पाच शेवंतीची फुलं घेऊन — माझ्यासाठी म्हणे. मी चेरी भरून वरेनिकी उकडल्या होत्या, बारा वाढल्या. राग आला तरी माणसाला उपाशी का ठेवायचं? बोटं चाटत खाल्ल्या. वर विचारते, मावशी, तुम्ही नोटेशन वाचायला कुठं शिकलात? म्हटलं, कुठंच नाही. शिवणकारखान्यात बाह्या जोडत होते. लग्नानंतर ह्याच्या शेजारी बसून बसून ते सूर ओळखीचे झाले, गल्लीतली माणसं होतात तसे. ती हसली नाही. हसली असती तर बरं होतं, रागवायला निमित्त मिळालं असतं.
मग दोघांनी दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत. पान उलटल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता!

१८ ऑक्टोबर
जिन्यात वरच्या मजल्यावरची पारस्का भेटली. "मेलानिया, तुमच्या पियानोला हल्ली चार हात लागतात का गं?"
म्हटलं, तीनच. दोन वाजवायला, एक पानाला.
"मग तुझा रिकामाच की! ये माझ्याकडे, कोबी चिरायचाय."
तिच्या जिभेला हाड नाही, हे ठाऊक आहे मला. तरी मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. कोबी मात्र चिरून दिला.

२१ ऑक्टोबर
भांडले. सरळ विचारलं — दिसायला बरी आहे म्हणून का? तो कितीतरी वेळ पियानोचं झाकण पुसत राहिला. मग म्हणाला, "रचना लांब आहे, मेलास्या. तू दमशील."
मेलास्या! लाडाचं नाव काढलं की समजावं, काहीतरी दडवतोय. हिवाळ्याची सगळी लोणची एकटीनं घातली तेव्हा नाही दमले ती?

२६ ऑक्टोबर
कीव्हला निघालो. निघण्याआधी घटकाभर मुकाट बसायचं असतं, तसे तिघं बसलो. पोरगी नेमकी त्याच्या डावीकडे! मी आपली बॅगेवर. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून बसतात. माझ्या मनात काय होतं ते मनातच राहू दे.

२७ ऑक्टोबर
मी तिसऱ्या रांगेत. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचतंय? देवाला म्हटलं, हिच्या हातून एक पान निसटू दे. एकच. नाही निसटलं. पण उतावळी आहे! इशाऱ्याला युखिमची मान हलते न हलते तोच हिनं पान उलटलेलं. मग कुठं माझा हात मांडीवरून उठायचा. दर वेळी तिची घाई. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. नवरा माझाच आहे ना.
तिची घाई त्याला दाखवून देणार आहे.

३० ऑक्टोबर
जुन्या नोटेशनवरून त्याला समजावावं, मी कशी वेळेवर उलटायची ते, म्हणून त्याचं कपाट उघडलं. गेल्या तीन वर्षांत आम्ही वाजवलेल्या प्रत्येक रचनेत, उजव्या पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं, त्याच्या हातचं — पुढच्या पानाची पहिली अर्धी ओळ. माझ्याकडून पान उशिरा उलटलं तरी त्याची बोटं अडू नयेत म्हणून. त्याआधीच्या एकाही रचनेत नाही.
नव्या रचनेतही आहे. अकराव्या पानापर्यंत. पुढं दोन्ही हात असे धावतात की खाली बघायला सवडच नाही. तरी तेराव्या पानावर त्यानं लिहायला घेतलं होतं. चारच सूर. मग खोडलेत.